नंदादीप आणि दोन ॲम्प्लिफायर

ज्या दोन वस्तूंत डावे-उजवे जवळजवळ नाही, त्यांचा निवाडा करणे हे मुळातच जोखमीचे काम आहे. त्यांतली एक वस्तू दुकानातून आणलेली असावी आणि दुसरी कुणी आपल्या हातांनी, कुणावर तरी जीव लावून घडवलेली असावी, म्हणजे ती जोखीम धर्मसंकटाच्या पायरीला जाऊन बसते. खरे बोलावे तर एक मन दुखावते. मन राखावे तर सत्याला बाध येतो. अशा वेळी शहाणा मनुष्य प्रवासाला निघून जातो. मी घरीच होतो.

माझी नात उत्कर्षा इलेक्ट्रिक गिटार वाजवते. हे वाद्य स्वभावाने जवळजवळ मुके आहे. त्याचा सारा आवाज शेजारी ठेवलेल्या एका पेटीतून येतो आणि त्या पेटीला ॲम्प्लिफायर म्हणतात. उत्कर्षाची पेटी परदेशी घडणीची आहे. तिच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. माझ्या लहानपणी रेडिओत असत, तसेच. ते तापून तांबूस उजळले की मगच पेटी बोलू लागते. बोलण्यापूर्वी थोडे तापावे, निवावे, विचार करावा, ही शिस्त मी आयुष्यभर पाठशाळेत शिकवली, तेव्हा ह्या यंत्राविषयी माझ्या मनात प्रथमपासून आदर होता.

उत्कर्षाचे लग्न मयंकशी ठरले आहे. मयंक मूळचा आमच्या बडोद्यातल्याच प्रतापनगरचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, आणि आता रिफायनरीत इंजिनिअर. छाणीला त्याच्या मित्राचे छोटे वर्कशॉप आहे. तिथे एकामागून एक रविवार बसून त्याने उत्कर्षाच्या पेटीसारखीच दुसरी पेटी तयार केली. तेच रेखाचित्र, तसेच व्हॉल्व्ह. फक्त बाहेरची पेटी सागवानी. ती त्याने तिला दिली आणि देताना म्हणाला, "कोजागिरीच्या कार्यक्रमाला एकच ॲम्प नेता येणार. कुठला नेणार, ते ऐकून सांग. आणि लाडीगोडी नको हं. लायक नसला तर मी खोलून टाकतो, सुटे भाग कामाला येतील."

एवढे बोलून तो हसला. पण तो हसला कसा, हे पाहून उत्कर्षा माझ्याकडे आली.

"आजोबा, तुम्ही ऐका आणि तुम्हीच सांगा."

"अगं, मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच."

"त्याचा वाईट निघाला तर?"

"तर तुम्ही सांगाल. मी नाही."

"आणि चांगला निघाला तर?"

"तरी तुम्हीच. मी सांगितलं तर त्याला वाटेल, लग्न ठरलंय म्हणून म्हणते."

निःपक्षपातीपणाची एवढी शुद्ध मागणी माझ्याकडे पूर्वी कुणी केली नव्हती. मी होकार दिला. परीक्षा पडद्याआडून व्हावी, परीक्षकाला पेटी दिसू नये, केवळ 'पहिला' आणि 'दुसरा' एवढेच सांगावे, असे मीच ठरवले. ह्या रचनेचा मला थोडा अभिमानही वाटला. पुढे तो टिकला नाही.

पहिली अडचण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फत्तेसिंहराव ह्यांची. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. स्वतः ते रावपुऱ्यातील आमच्या इमारतीचे नियम त्याच निष्ठेने राखतात. मी रीतसर अर्ज दिला. तो घेऊन ते समोरच्या दारातून स्वतः आमच्याकडे आले.

"शास्त्रीबुवा, दुपारी वाद्य वाजवायला हरकत नाही. पण हे तुमचं वाद्य आहे की यंत्र? यंत्राचा नियम वेगळा. मागे एकाने घरात पिठाची गिरणी आणली होती, तेव्हा केलाय."

"गिटार हे वाद्य. ॲम्प्लिफायर हे त्याचे मुख."

"पण मुख प्लग लावून चालतं ने?"

"चालतं."

"मग यंत्र."

ह्यावर माझ्यापाशी उत्तर होते, परंतु ते उच्चारले असते तर पुढील वर्षाचे पाण्याचे वेळापत्रक धोक्यात आले असते. शेवटी शेजाऱ्यांची संमती असल्यास चालेल, असे ठरले. शेजाऱ्यांनी संमती दिली, पण ज्याला संमती द्यायची ते आधी ऐकले पाहिजे असे म्हणून ते सगळे परीक्षेलाच येऊन बसले. अशा रीतीने एका वृद्धाने आपल्या घरात दोन पेट्या ऐकाव्यात, ह्या खासगी गोष्टीची सभा झाली.

दिवस खंडेनवमीचा होता. ज्याने त्याने आपापली अवजारे पुजायचा दिवस. मयंकने सागवानी पेटी उत्कर्षाच्या खोलीतून उचलून आणली तेव्हा आमच्या सौभाग्यवती गंगाबाईंनी देवघरासमोर दोन पाट मांडून ठेवलेलेच होते. दोन्ही पेट्या पाटांवर बसल्या. त्यांना हळद-कुंकू लागले, झेंडूच्या माळा पडल्या. मग गंगाबाईंनी पाण्याचे फुलपात्र उचलले.

"आजी! पाणी नको!" मयंक अक्षरशः आडवा झाला. "आत चारशे व्होल्ट असतात!"

"देवीपुढे आहेत. काही होत नाही."

"देवीला नाही होणार, आजी. मला होईल."

गंगाबाईंनी पाण्याऐवजी अक्षता वाहिल्या. त्यांतले काही तांदूळ सागवानी पेटीच्या जाळीतून आत गेले. तेव्हा मयंकने पेटी उलटी करून, कान लावून, ती हळूहळू हलवत शेवटचा दाणा बाहेर काढला. खालच्या मजल्यावरच्या नलिनीबाई शेजारी उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "काका, एवढं कशाला? दोन्ही घेऊन जाऊ देत ने. स्पीकर जोडीनेच बरे दिसतात."

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले जयवंतराव मात्र तत्त्वाचे मनुष्य. "ऐकायची गरजच नाही," ते म्हणाले. "जो जड, तो चांगला. त्यात लोखंड जास्त." आणि हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दोन्ही पेट्या एकामागून एक उचलायला घेतल्या. पहिली उचलली. दुसरी अर्ध्यावर आणली आणि मग कमरेवर हात ठेवून अत्यंत शांतपणे म्हणाले, "मला झोपाळ्यावर न्या." पुढची सारी सभा त्यांनी आमच्या बैठकीतल्या झोपाळ्यावर आडवे होऊन पाहिली आणि प्रत्येक टप्प्यावर मत दिले.

स्वयंपाकघराच्या दारावर गंगाबाईंचे जुने लुगडे बांधून पडदा केला. पूजा नुकतीच आटोपली होती, म्हणून मी मुकटा नेसलेलाच पडद्याआड पाटावर बसलो. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. आश्विनातल्या बडोद्याच्या दुपारी, रेशमी सोवळ्यात, चुलीशेजारी, पंख्यावाचून बसून न्याय करणे म्हणजे काय, हे ज्यांनी न्याय केवळ ऐकला आहे त्यांना कळणार नाही.

"आजोबा, तापतायत. थोडं थांबा," पलीकडून उत्कर्षा म्हणाली.

"मीही तापतो आहे," मी म्हणालो.

प्रथम तिने काहीतरी जलद वाजवले. ते मला दोन्ही वेळा सारखेच अनाकलनीय वाटले. मग मी सांगितले, "बाळ, षड्ज आणि पंचम एकत्र छेड आणि स्वर तसाच उभा राहू दे. तंबोरा मला कळतो. तेवढ्यावरून जमेल तसे पाहतो." तिने तसे केले. आधी पहिला, मग दुसरा. स्वर विरत गेले, आणि त्या विरण्याच्या टोकाला मला एक गोष्ट स्पष्ट ऐकू आली.

मी घसा साफ केला. "पहिल्या यंत्राचा स्वर गंभीर आहे, परंतु त्याला मनातल्या मनात पुटपुटण्याची सवय आहे. स्वर संपला तरी ते आतून काही म्हणतच राहते. दुसरे यंत्र बोलणे संपले की गप्प बसते. सभेत न्यावे ते दुसरे."

वाक्यरचना मला समाधानकारक वाटली. पडद्यापलीकडून मयंकचा आवाज आला, "बराबर आहे. हम येतोय, विजेची गुणगुण. पहिला माझा." आणि नंतर, फार हळू, "मी घेऊन जातो. खोलून ठेवतो."

मी पडदा बाजूला सारला. मुलगा पेटीवरची झेंडूची माळ काढून घडी घालत होता. माळेची घडी होत नाही. तो तरी घालत होता. निवाडा निर्दोष होता आणि मला तो परत गिळावासा वाटला.

"थांब," उत्कर्षा म्हणाली. "ह्याच्यात कालपर्यंत हम नव्हता. बाहेरून येत असेल."

मग बाहेरचे शोधणे सुरू झाले. आमचा फ्रिज बंद केला. पुटपुट तशीच. नलिनीबाईंचा फ्रिज बंद केला.

"जरा लवकर हं," नलिनीबाई म्हणाल्या, "उद्याचं श्रीखंड आत आहे."

पुटपुट तशीच. जिन्यातली ट्यूबलाइट काढली. जयवंतराव झोपाळ्यावरून म्हणाले, "गीझर बघा. गीझर नेहमी चोरून चालतो." तेव्हा कुणीतरी जिन्यातल्या मीटरच्या खोलीत जाऊन समोरच्या घराचा मेन स्विच खाली ओढला. क्षणभराने समोरचे दार उघडले आणि केसांना भरपूर साबण लावलेले फत्तेसिंहराव पंचा गुंडाळून बाहेर आले.

"अरे, शुं थयुं? लाइट कोणी बंद केली?"

"सेक्रेटरीसाहेब," नलिनीबाई म्हणाल्या, "तुमच्या गीझरची चौकशी चाललीय."

"माझ्या गीझरची? कोणत्या नियमाने?"

नियम सापडला नाही आणि पुटपुटही थांबली नाही. तेवढ्यात उत्कर्षाने कुणाला न सांगता दोन्ही प्लग काढले आणि अदलाबदल करून लावले. देवघराजवळच्या बोर्डावर होता तो बैठकीतल्या बोर्डावर, आणि बैठकीतला देवघराजवळ. मला पुन्हा पडद्याआड बसवले.

"आजोबा, परत एकदा. पहिला... आता दुसरा."

मी डोळे मिटून ऐकले. "मघाशी माझी गफलत झाली," मी प्रांजळपणे म्हणालो. "पुटपुटतो तो दुसरा. पहिले यंत्र अगदी सुशील आहे."

ह्यावर जो हशा उठला त्यात झोपाळ्याची कडी करकरली आणि त्यापाठोपाठ जयवंतरावांची कळवळल्याची हाक आली. न्यायासनाला हसण्याची प्रथा कुठल्याही काळी नव्हती. मी तसे सांगितलेही. पण मला कारण समजावल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी दोन पेट्यांचा नव्हे, दोन बोर्डांचा निवाडा करत होतो. मयंकने माळ पुन्हा पेटीवर ठेवली. न्यायासनाची झालेली बेअदबी मला त्या घटकेला तेवढ्यापुरती सोसवली.

दोन्ही पेट्या आता बैठकीतल्या बोर्डावर लावल्या. पुटपुट कमी झाली, पण ती दोघींत सारखी वाटली गेली, आणि तिच्याखाली स्वरांतले बारीक अंतर बुडून गेले.

"देवघराच्या बोर्डावर आणखी काय आहे?" नलिनीबाईंनी विचारले.

सर्वांनी एकदम तिकडे पाहिले. देवघरात घटाशेजारी समईचा नंदादीप होता, आणि त्याच्या शेजारी ज्योतीसारखा लुकलुकणारा विजेचा दिवा. सारी इमारत बंद करून झाली होती. हा दिवा बंद करून पाहावा, असे एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आले नव्हते. नवरात्राचा दिवा तो. उत्थापनापर्यंत अखंड.

"एवढा एकच क्षणभर..." मयंकने सुरुवात केली.

"नाही," गंगाबाई म्हणाल्या.

मी शास्त्राचा आधार घेतला. "हे पाहा, मुख्य दीप समईचा. तो तेवतो आहे. हा केवळ साहाय्यक—"

"घटस्थापनेच्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना? मला रात्री उठून तेल घालणं होत नाही, तर तुम्ही म्हणालात, विजेचाही दीपच, त्यालाही संकल्पात धरू. धरलात ना?"

"धरला."

"मग आज त्याचा दीपपणा गेला?"

पाठशाळेत इतकी वर्षे शिकवूनही मला असा पूर्वपक्ष कुणी केला नव्हता. फत्तेसिंहरावांच्या कपाळावरून साबण ओघळत होता, तरी ते मान हलवून म्हणाले, "बाईंचा मुद्दा नियमाला धरून आहे."

मुलगा पेटीजवळ उभा होता, मुलगी गिटार घेऊन उभी होती, आणि माझाच निर्णय माझ्या वाटेत आडवा पडला होता. शेवटी वाट दाखवली तीही गंगाबाईंनीच. "दिवा विझवायचा नाही, एवढंच ना? लाइट जाते तेव्हा तो इन्व्हर्टरवर चालतोच की. आपली लाइट घालवा. तुमच्या पेट्यांना दुसऱ्याची वीज द्या."

ह्या उपायाकडे सर्वांनी भक्तिभावाने पाहिले. आमचा मेन स्विच खाली आला. दिवा लुकलुकतच राहिला, किंचितही न डगमगता. पेट्यांसाठी फत्तेसिंहरावांच्या घरातून, म्हणजे त्यांची वीज त्यांना परत दिल्यावर, एक लांब एक्स्टेंशन जिना ओलांडून आणले. ते म्हणाले, "यंत्राला परवानगी देतोय, वाद्याला नाही, हे लक्षात ठेवा," आणि डोके धुवायला गेले.

पुटपुट थांबली. मी तिसऱ्यांदा पाटावर बसलो. उत्कर्षाने षड्ज-पंचम छेडले. पहिल्यात. दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. अशी शांतता त्या घराला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. स्वर शेवटच्या धाग्यापर्यंत ऐकू येत होता. मी मनापासून ऐकले. मला दोन्ही जुळ्या भावंडांसारखे वाटले.

मी पडदा सारून बाहेर आलो. "मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "माझ्या कानाला दोन्ही सारखे. निवाडा माझ्याकडून होणार नाही."

मयंकने मान खाली घातली. सारखे म्हणणे हे मन राखणे असू शकते, एवढे कळण्याइतका तो हुशार होता. उत्कर्षा त्याच्याकडे पाहत होती. मग तिने गिटारच्या तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या.

"मला सांगता येईल," ती म्हणाली. "कानाला सारखेच आहेत. हाताला नाहीत."

"हाताला म्हणजे?" जयवंतराव झोपाळ्यावरून म्हणाले.

"काका, खुर्चीवर बसणं आणि तुम्ही आत्ता ज्याच्यावर आहात त्याच्यावर बसणं. माझा ॲम्प खुर्चीसारखा आहे. तार छेडली की तिथल्या तिथे उत्तर. मयंकचा झोपाळ्यासारखा. जोरात छेडलं की आधी किंचित मागे जातो, मग पुढे येतो."

"तो दोष आहे," मयंक म्हणाला. "पॉवर थोडी कमी पडते, म्हणून—"

"मला पूर्ण बोलू दे ना. जलद गरब्याला तो चालणार नाही. बोटं पुढे जातील आणि तो मागे राहील. खालच्या तारा गढूळ होतात."

नलिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडे पाहू लागलो.

"पण एक स्वर छेडून सोडून दिला," उत्कर्षा सांगत होती, "तर माझ्याकडचा संपतो. तुझ्याकडचा संपत नाही, विचार करत बसतो. कोजागिरीला सगळं संथ वाजवायचंय. मी तुझाच नेणार. आजोबांनी काहीही सांगितलं असतं तरी तोच नेला असता."

मयंकने विचारले, "खालच्या तारा किती गढूळ?"

"बऱ्याच."

तेव्हा तो हसला. पेटी देताना हसला होता तसा नव्हे. "हं ने! मलाही तेच वाटत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, ही सांगते का बघू."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तार मला वाजवता येत नाही, पण ऐकू येते. खोटं बोलली असतीस तर मी खरंच खोलून टाकला असता."

"आणि मी बिचाऱ्या आजोबांना मुकटा नेसवून चुलीजवळ बसवलं!"

"ते चुकलंच," मी म्हणालो. आणि मला कळले, की दुपारभर एवढ्या घरांची वीज, एका सेक्रेटरीची अंघोळ आणि जयवंतरावांची कंबर खर्ची घालून आम्ही जे शोधत होतो, ते ह्या दोघांपाशी पहिल्यापासून होते. परीक्षकाची गरज नव्हती. तरी मला वाईट वाटले नाही. आपली गरज नव्हती असे आनंदाने कळण्याचे प्रसंग माझ्या वयाला फार येत नाहीत.

त्यानंतर मयंकने पेटीची मागची फळी उघडली, उत्कर्षा मोबाइलचा उजेड धरून बसली, आणि दोघे खालच्या तारांवरून मनसोक्त भांडू लागले. नलिनीबाई पातळ झालेले श्रीखंड वाट्यांत घेऊन आल्या. ते उद्यापर्यंत टिकणार नव्हते, म्हणून आजच दसरा झाला. आमचा मेन स्विच चढवायचे कुणाच्याच लक्षात राहिले नाही. देवघरातले दोन्ही दिवे आणि पेट्यांतले तांबूस व्हॉल्व्ह, एवढ्याच उजेडात आम्ही खाल्ले.

मार्गशीर्षात मंगलाष्टकांच्या वेळी मी मोठमोठे आशीर्वाद म्हणेन. ते मला पाठ आहेत. त्या दुपारी वाटी हातात धरून मनातल्या मनात दिला तो साधा होता. ह्या दोघांना एकमेकांशी खरे बोलायचे भय कधी न वाटो, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकून असेच हसू येवो. ज्यांनी ज्यांनी आपल्या घरची वीज, वेळ आणि कंबर दिली, त्या सर्वांच्या घरी सुख असो.